नवल, कौतुक आणि ग्रीकांचा ‘थाउमाझो’

एखाद्या समाजाचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी हीं साधनें आपण पुढें घेतों. परंतु त्या समाजानें शतकानुशतकें वापरलेला एखादा साधा शब्द हेंही इतिहासाचें एक साधन आहे, ही गोष्ट पुष्कळदां ध्यानांत राहत नाहीं. नाणें झिजतें, शिलालेखाचीं अक्षरें पुसट होतात. शब्द मात्र तोंडोतोंडीं चालत राहतो, आणि जुन्या माणसांनीं जगाकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें याची खूण आपल्या अर्थांत व व्याकरणांत जपून ठेवतो. आज अशाच एका शब्दाची हकीकत आपल्यापुढें मांडावयाची आहे. शब्द प्राचीन ग्रीक भाषेंतला आहे. त्याचा उच्चार ‘थाउमाझो’. त्याचा अर्थ ‘मला नवल वाटतें’. आणि ‘मला कौतुक वाटतें’, ‘मी वाखाणतों’ हाही त्याचाच अर्थ. आश्चर्य आणि गुणगौरव हीं दोन कामें ग्रीकांनीं एकाच क्रियापदावर कां सोंपविलीं, आणि त्यापासून आपल्या मराठी बोलण्यावर कोणता प्रकाश पडतो, एवढाच आजचा विषय.

ग्रीक शब्दाची चौकशी मराठी माणसानें कशासाठीं करावी, असें कोणी विचारील. तर ही भाषा आपल्या भूमीला अगदींच परकी नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कांहीं खांब धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिले, असे लेख त्या खांबांवरच कोरलेले आहेत. जुन्नरच्या आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दात्यांचे उल्लेख सांपडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या सागरी मार्गवर्णनांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या दोन पेठा नांवानिशीं आल्या आहेत. पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तेराहून कापड गाड्या भरभरून भडोचच्या बंदराकडे जाई. पैठण ज्या गोदावरीच्या काठीं आहे, त्याच गोदावरीला पुढें पूर्णा नदी मिळते. आणि त्या पूर्णेवर, हिंगोली जिल्ह्यांत, सिद्धेश्वर हें ठिकाण आहे. आजच्या विवेचनांत आपणांस एकदां या सिद्धेश्वरला आणि त्याच्या आसपासच्या मुलुखांत जावें लागणार आहे. पण तत्पूर्वीं आपल्या शब्दाची नीट ओळख करून घेऊं.

या क्रियापदाच्या मुळाशीं ‘थाउमा’ हें नाम आहे. होमरच्या महाकाव्यांत तें वारंवार येतें, आणि बहुतेक वेळीं पाहण्याशीं जोडलेलें येतें. देवांच्या लोहारानें घडविलेल्या तिवया, राजाचें सोन्याचें चिलखत, इथाका बेटावरच्या गुहेंत अप्सरा विणीत असलेलें सागरासारख्या जांभळ्या रंगाचें वस्त्र, या सर्वांना तो कवि ‘पाहतांच थक्क करणारें’ असें एक ठरीव विशेषण लावतो. ‘थेआ’ म्हणजे पाहणें. ज्यापासून ‘थिएटर’ हा शब्द झाला, त्याच घराण्याशीं ‘थाउमा’चें नातें कित्येक विद्वान् जोडतात. जगांतील सात आश्चर्यें म्हणून ज्या यादीला आपण ओळखतों, तिला ग्रीक लोक प्रथम ‘सात प्रेक्षणीय वस्तु’ म्हणत. ‘सात आश्चर्यें’ हें नांव मागाहूनचें आहे. तात्पर्य, या शब्दाचा जन्म डोळ्यांत आहे. डोळे विस्फारले, तें थाउमा.

परंतु इतिहासकारांच्या हातीं आल्यावर हाच शब्द डोळ्यांपासून बुद्धीकडे सरकला. इसवी सनापूर्वींच्या पांचव्या शतकांतला हिरोडोटस आपल्या इतिहासाच्या आरंभींच सांगतो कीं, ग्रीकांनीं तसेंच परक्यांनीं केलेलीं थोर आणि नवलाचीं कृत्यें कीर्तीवांचून राहूं नयेत म्हणून आपण हा ग्रंथ लिहीत आहों. येथें ‘नवलाचीं’ या अर्थीं त्यानें आपलाच शब्द योजिला आहे. शत्रूंच्या कृत्यांनाही तो तेंच विशेषण देतो, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन हा गुरूच्या आठवणी लिहावयास बसतो, तेव्हां त्याच्या ग्रंथाचें पहिलें वाक्य याच क्रियापदानें उभें राहतें: अथेन्सच्या लोकांना कोणत्या युक्तिवादानें पटलें कीं हा मनुष्य मरणदंडास पात्र आहे, याचें त्याला वारंवार नवल वाटतें. येथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं. समजून घेण्यासारखें मात्र पुष्कळ आहे. चकित होणें हें आतां प्रश्न विचारणें झालें.

आतां या शब्दाचें व्याकरण पाहूं. व्याकरण म्हटलें कीं घरांतलीं मुलें पळूं लागतात. पण आपली आजची सगळी गंमत व्याकरणांतच आहे.

पहिली गोष्ट विभक्तीची. ज्याचें नवल वाटतें ती वस्तु किंवा व्यक्ति या क्रियापदाबरोबर द्वितीयेंत येते. परंतु त्या व्यक्तीचा कोणता गुण आपल्याला भावला हें सांगावयाचें असलें, तर तो गुण षष्ठींत घालतात. म्हणजे ‘मी सॉक्रेटिसला वाखाणतों’ आणि कशासाठीं, तर ‘शहाणपणाचा’. ग्रीक वैयाकरण या षष्ठीला कारणाची षष्ठी म्हणतात. अमुक मनुष्य मोठा, एवढ्यावर वाक्य थांबूं शकतें. पण तें थांबलें नाहीं आणि पुढें गेलें, तर कारण सांगण्यासाठीं भाषेनें एक जागा राखून ठेवलेली आहे. मराठीची रीत याच्या जवळची आहे. ‘मुलीचें कौतुक’ म्हणतांना मुलगी षष्ठींत येते, आणि ‘मुलीच्या धिटाईचें कौतुक’ म्हणतांना धिटाई षष्ठींत येऊन मुलगी तिच्यामागें उभी राहते. कौतुक मुलीचें कीं धिटाईचें, हा भेद आपली भाषाही एका प्रत्ययानें दाखवूं शकते. आपण तो नेहमीं दाखवतों असें मात्र नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना परस्मैपद व आत्मनेपद हा भेद ठाऊक असेल. क्रियेचें फळ कर्त्याकडेच वळतें किंवा क्रिया कर्त्याच्याच ठायीं घडते, असें सुचविणारीं जीं रूपें, तीं आत्मनेपदाचीं. ग्रीक भाषेंतही याच्या तोडीचा भेद आहे, आणि तो या दोन भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून मिळालेला वारसा आहे. आतां ‘थाउमाझो’ हें वर्तमानकाळीं परस्मैपदासारखें चालतें. परंतु भविष्यकाळांत तें जुन्या ग्रीकांत एकाएकीं आत्मनेपदी होतें आणि ‘थाउमासोमाइ’ असें रूप घेतें. ऐकणें, शिकणें, हंसणें, मरणें या अर्थाचीं ग्रीक क्रियापदेंही अशींच वागतात. यांतली कोणतीच क्रिया माणूस दुसऱ्या वस्तूवर हात टाकून करीत नाहीं. ती त्याच्याच ठायीं घडते. वाखाणणें या अर्थाचें ‘अगमाइ’ हें दुसरें एक जुनें ग्रीक क्रियापद तर प्रथमपासूनच आत्मनेपदी आहे. आपल्या ‘विस्मय’ शब्दांतला ‘स्मि’ हा धातु संस्कृतांत आत्मनेपदीच आहे. त्याचा मूळ अर्थ स्मित करणें. लॅटिन भाषेंत नवल वाटणें या अर्थाचें जें क्रियापद आहे, ज्यापासून इंग्रजींतले ‘मिरॅकल’ आणि ‘ॲडमायर’ हे शब्द उतरले, त्याचेंही मूळ भाषाशास्त्रज्ञ याच ‘स्मि’ धातूशीं नेऊन भिडवितात. आणि तें क्रियापदही कर्त्याचा अर्थ असूनही कर्मणि रूपानेंच चालतें. इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकच गोष्ट नोंदविली आहे. नवल हें माणसाला घडतें.

मराठींत आत्मनेपद उरलें नाहीं. पण तीच गोष्ट सांगण्याची आपली स्वतःची सोय आहे, आणि ती मला ग्रीकांहूनही स्पष्ट वाटते. ‘मला नवल वाटतें’ या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाहीं. वाक्याचा कर्ता ‘नवल’ आहे; मी चतुर्थींत, बाजूला, नवल ज्याच्याकडे येतें असा उभा आहें. भूक लागते, झोंप येते, आठवण होते, तसें नवल वाटतें. तें ठरवून आणतां येत नाहीं, आणि आलें तर दडवतांही येत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या गोष्टीचें नवल वाटतें ती वाक्यानें सांगावयाची असली, तर आपण ‘कीं’ वापरतों: ‘तो आला कीं काय, नवल आहे’. ग्रीक लोक या ठिकाणीं ‘जर’ या अर्थाचें अव्यय घालतात, आणि तेंही गोष्ट खरोखर घडलेली असतांना. शब्दशः पाहिलें तर ग्रीक म्हणतो, ‘तूं गप्प बसतोस, तर मला नवल वाटतें’. समोरचा गप्प बसला आहे हें दोघांनाही दिसत असतें. तरी वाक्य ‘जर’नेंच बांधलें जातें. जणूं काय घडलेली गोष्ट देखील अजून पटलेली नाहीं, ती एक शक्यता म्हणून समोर धरून पाहावयाची आहे. आपल्या पाणिनीनेंही आश्चर्यवाचक वाक्यांसाठीं वेगळे नियम दिले आहेत. आंधळा मनुष्य डोंगर चढतो अशा प्रकारचें नवल सांगतांना क्रियापद भविष्यकाळाचें येतें. परंतु वाक्यांत ‘यदि’ असला तर रूप बदलतें आणि विध्यर्थासारखें होतें. म्हणजे संस्कृतांतही आश्चर्याला ‘यदि’ची सोबत होतीच, आणि ती वैयाकरणांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती.

आणि मराठींत? मराठींत ही रचना आजही घरोघर जिवंत आहे. फक्त आपण तिच्याकडे व्याकरण म्हणून पाहत नाहीं. ‘एवढा अभ्यास केल्यावर तो पहिला न आला तरच नवल!’ ‘असे ढग आल्यावर पाऊस न पडला तरच नवल!’ येथें आपण ‘तर’ घातला, आणि त्याबरोबर नवलाची दिशाच फिरली. ‘तो पहिला आला, नवल आहे’ हें न जाणणाऱ्याचें वाक्य झालें. ‘पहिला न आला तरच नवल’ हें त्याचा अभ्यास डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाचें. एका अव्ययाचें अंतर, पण मध्यें सगळें ज्ञान उभें आहे.

हेंच अंतर ग्रीक तत्त्ववेत्त्यांनीं ओळखलें. प्लेटोच्या ‘थेआइटेटस’ नांवाच्या संवादांत एक बुद्धिमान् तरुण सॉक्रेटिसचे प्रश्न ऐकून अगदीं भोंवंडून जातो, आणि आपल्याला डोकें गरगरल्यासारखें होतें असें कबूल करतो. सॉक्रेटिस त्याला दोष देत नाहीं. तो म्हणतो कीं, ही अवस्था खऱ्या तत्त्वज्ञाचीच आहे, आणि तत्त्वज्ञानाचा उगम नवलापासून होतो. या अवस्थेला त्यानें जो शब्द वापरला, त्याचा अर्थ ‘सोसलेलें’, ‘वांट्याला आलेलें’ असा आहे. आत्मनेपदी रूपानें जें सुचविलें होतें, तेंच येथें तत्त्वज्ञानानें उघड सांगितलें. ग्रीक पुराणांत इरिस ही इंद्रधनुष्याची देवता ‘थाउमास’ नांवाच्या देवाची कन्या आहे. देवांचे निरोप माणसांपर्यंत पोहोंचविणारी देवता नवलाच्या पोटीं जन्मावी, ही वंशावळ सॉक्रेटिसला मोठी मार्मिक वाटते.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल यानें पुढची पायरी बांधली. त्याच्या ‘मेटाफिजिक्स’च्या आरंभीं तोही म्हणतो कीं, माणसें नवलामुळें विचार करूं लागलीं, प्रथम हाताशीं असलेल्या गोष्टींचें, मग चंद्रसूर्यांच्या गतीचें. पण तो एवढ्यावर थांबत नाहीं. ज्ञानाचा शेवट आरंभाच्या उलट ठिकाणीं झाला पाहिजे, असें तो म्हणतो, आणि भूमितींतलें उदाहरण देतो. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण या दोहोंनाही पुरा भाग जाईल असें एकही समान माप नाहीं. माप कितीही लहान घ्या, कांहीं तरी उरणारच. हें प्रथम ऐकणारा चकित होतो. परंतु ज्याला भूमिति आली, त्याला असें माप निघालें तरच नवल वाटेल! मराठींत हें वाक्य उच्चारतांना आपोआप ‘तरच’ येतो, आणि ॲरिस्टॉटलचें तत्त्वज्ञान आपल्या बोलण्यांत आधींच होतें कीं काय, अशी शंका येते.

आतां सिद्धेश्वरला जाऊं. हिंगोली जिल्हा 1999 सालीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यांतल्या सिद्धेश्वरला गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत पूर्णेवर धरण झालें. वरच्या अंगाला येलदरीचें धरण, खालीं हें सिद्धेश्वरचें, आणि येथून निघालेल्या कालव्यांनीं पूर्णेचें पाणी शेतांत नेलें. धरण मातीचें आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तें भरलें असतां जो कोणी प्रथमच तेथें उभा राहील, त्याच्या मनांत एकच विचार येईल: नजर पोंचत नाहीं इतकें पाणी, आणि त्याला अडवून धरली आहे कोणी, तर मातीनें! हें ग्रीकांचें पहिलें ‘थाउमा’, डोळ्यांचें. परंतु पाण्याचा नियम ज्याला ठाऊक आहे तो सांगेल कीं, बंधाऱ्यावर पडणारा पाण्याचा दाब मागें तलाव किती मैल पसरला आहे यावर मुळींच अवलंबून नसतो. तो पाण्याच्या खोलीवर असतो. तलाव एक मैल लांब असो वा दहा मैल, खोली तीच तर दाबही तोच. म्हणून धरणाचा पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवतात, आणि पाणी झिरपूं नये म्हणून मातीच्या धरणाच्या पोटांत चिकण मातीचा गाभा भरतात. एवढें ध्यानांत आलें कीं तोच मनुष्य म्हणेल, ‘हें पाणी न अडलें तरच नवल’. चौरसाचा कर्ण आणि पूर्णेचें पाणी यांचा धडा एकच आहे.

याच मुलुखांत तत्त्वज्ञानाचाही एक धडा घडला, अशी परंपरा आहे. नामदेवांचें जन्मगांव म्हणून मानलेली नरसी याच हिंगोली जिल्ह्यांत आहे, आणि त्यांचे गुरु विसोबा खेचर ज्या नागनाथाच्या मंदिरांत भेटले असें सांगतात, तें औंढाही याच जिल्ह्यांत आहे. कथा सर्वांच्या ओळखीची आहे. नामदेव मंदिरांत येतात तों एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांना धक्का बसतो. म्हातारा म्हणतो, बाबा, मला उठवत नाहीं. जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात, तों तेथें पिंड. तिसरीकडे ठेवतात, तेथेंही पिंड. या कथेला इतिहासाच्या पुराव्यानें तोलण्याचें कारण नाहीं. तिच्यांतली नवलाची चाल मात्र पाहण्यासारखी आहे. आरंभीं नामदेवांना नवल वाटतें तें पिंडीवर पाय आहेत याचें. अखेरीस त्यांना कळलेली गोष्ट अशी कीं, देव नाहीं असें एखादें ठिकाण सांपडलें तरच नवल. अथेन्सचा तरुण जेथें भोंवंडला आणि औंढ्याचा भक्त जेथें थबकला, त्या दोन्ही ठिकाणीं शिकण्याची सुरुवात सारखीच झाली.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाहीं. ज्ञानानें नवल उलटून जात असेल, तर पूर्ण ज्ञान्याला नवल उरणारच नाहीं. मग कौतुकही उरूं नये. पुढच्या काळांतील कित्येक तत्त्ववेत्त्यांनीं हाच उपदेश केला; रोमन कवि होरेस यानें एका पत्रकाव्यांत, कशाचेंही नवल न वाटणें हाच सुखाचा मार्ग म्हणून सांगितला. परंतु मग ज्या क्रियापदाचा अर्थ ‘चकित होणें’ त्याचाच अर्थ ‘वाखाणणें’ कसा झाला? चकित होणें संपल्यावर कांहीं तरी शिल्लक राहत असलें पाहिजे.

याचें उत्तर ग्रीसमध्यें शोधण्याची गरज नाहीं. तें आपल्या व्याकरणशास्त्रांत आहे. ‘आश्चर्य’ हा शब्द सिद्ध करतांना पाणिनीनें त्याचा अर्थ ‘जें नित्य नाहीं तें’ असा दिला. रोज घडत नाहीं, तें आश्चर्य. वार्तिककार कात्यायनाला हा अर्थ अपुरा वाटला. त्यानें तेथें ‘अद्भुत’ असा अर्थ घालावयास सांगितला. महाभाष्यकार पतंजलि, इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतला, या चर्चेंत जीं उदाहरणें देतो तीं कवीला शोभतील अशीं आहेत: वृक्षाची उंची, आकाशाचा निळेपणा, आणि अंतराळांत कशालाही न बांधलेलीं नक्षत्रें खालीं पडत नाहींत ही गोष्ट. श्रोतेहो, हीं तीनही रोजचीं दृश्यें आहेत. आकाश काल निळें होतें, उद्यांही असेल. नक्षत्रें पडलीं असतीं तर तें पहिल्या प्रकारचें नवल झालें असतें. तीं पडत नाहींत, नित्यनेमानें आपल्या जागीं असतात, याचेंच आश्चर्य भाष्यकाराच्या उदाहरणांतून आपल्यापुढें येतें. आज गुरुत्वाकर्षणाचा नियम शाळेंतल्या मुलालाही सांगतां येतो. पण तो समजलेल्या माणसाला ताऱ्यांकडे पाहून कांहींच वाटत नाहीं, असें कोण म्हणेल? अनियमिताचें नवल ज्ञानानें संपतें. नियमाचें नवल ज्ञानानेंच सुरू होतें. या दुसऱ्या नवलालाच आपण कौतुक म्हणतों, आणि ग्रीकांनीं दोहोंना एकाच क्रियापदांत ठेवलें.

स्वतः ॲरिस्टॉटललाही हें जाणवलें होतें. विंदा करंदीकरांच्या 1957 सालच्या भाषांतरामुळें त्याचें काव्यशास्त्र मराठी वाचकांच्या परिचयाचें झालें. त्यांत तो म्हणतो कीं, निव्वळ अकस्मात् घडलेल्या गोष्टींपेक्षां, ज्यांत कार्यकारण किंवा निदान हेतु दिसतो अशा गोष्टी अधिक नवलाच्या वाटतात. आर्गॉस येथें मिटिस नांवाच्या माणसाचा पुतळा त्याच्याच मारेकऱ्यावर कोसळला, हें त्याचें उदाहरण. कारणाची छाया दिसली कीं नवल वाढतें.

मग आपल्या ‘कौतुक’ शब्दाचा प्रवास कसा झाला? संस्कृतांत ‘कुतुक’ म्हणजे जिज्ञासा, आणि त्यापासून ‘कौतुक’. त्याचा अर्थ कुतूहल, उत्सव आणि विवाहाच्या वेळीं मनगटाला बांधावयाचें मंगलसूत्रही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवां’त पार्वतीची आई मेना हें लोकरीचें कौतुकसूत्र लेकीच्या हाताला बांधते, डोळे आसवांनीं भरल्यामुळें तें भलतीकडेच बांधलें जातें आणि दाई आपल्या बोटांनीं तें जागेवर सरकविते. मराठींत आला तो शब्द याच मायेच्या ओलाव्यासह आला असें वाटतें. 1290 सालच्या ज्ञानेश्वरींत कौतुकाला लीला, सहजपणा, आनंद, नवल अशा अनेक छटा आहेत. सहाव्या अध्यायांत आपल्या मराठी बोलाचा अभिमान सांगतांनाही ज्ञानेश्वरांनीं हा शब्द तृतीयेंत, ‘कौतुकें’ असा योजिला आहे. हळूहळू लीला व उत्सव मागें पडले, जिज्ञासाही ओसरली, आणि आज ‘कोडकौतुक’, ‘कौतुकाची थाप’ या प्रयोगांत मुख्यतः प्रेमळ वाखाणणी उरली.

आणि या प्रवासांत आपण एक गोष्ट मिळविली व एक गमावण्याच्या बेतांत आहों. ‘कौतुक’ हा शब्द मराठींत दोन क्रियापदांबरोबर चालतो: वाटणें आणि करणें. ग्रीक भाषेंत मनांतल्या भावनेला ‘थाउमाझो’ आणि तोंडानें स्तुति करण्याला वेगळेंच क्रियापद. आपण एकाच नामाला दोन क्रियापदें लावून तो भेद साधला. आतां त्या दोहोंचा उपयोग पाहा. आजोबा नातवाचें कौतुक करतात, हें वाक्य सरळ आहे. नातू आजोबांचें कौतुक करतो, हें कानाला खटकतें; लहानानें मोठ्यांचें कौतुक करणें शोभत नाहीं. परंतु नातवाला आजोबांचें कौतुक वाटतें, हें वाक्य कोठेंही अडखळत नाहीं. कौतुक करणें हें पायरी पाहून, वरून खालीं चालतें. कौतुक वाटणें पायरी पाहत नाहीं. शिष्याला गुरूचें वाटेल, गुरूला शिष्याचें. धन्याला गड्याचें वाटेल. हिरोडोटसप्रमाणें एखाद्याला शत्रूचेंही वाटेल.

आपल्या शहरी जीवनांत कौतुक करण्याचे प्रसंग फार वाढले आहेत. सत्कार, समारंभ, शाल, श्रीफळ, भाषणें यांना तोटा नाहीं. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ज्याचें कौतुक आपण करीत आहों त्याच्या कोणत्या गुणाचें तें आहे, ती कारणाची षष्ठी पुष्कळदां वाक्यांतून गळालेली असते. व्यक्ति राहते, गुण जातो. कारण गेलें कीं कौतुकाची भाटगिरी व्हावयास वेळ लागत नाहीं; आणि ऐकणाऱ्याला तें कळल्यावांचून राहत नाहीं. म्हणूनच नवलाचे शब्द उपरोधाला लवकर वश होतात. सॉक्रेटिस वाद घालतांना प्रतिपक्ष्याला ‘ओ थाउमासिए’, म्हणजे ‘अहो नवलाच्या पुरुषा’, असें संबोधी, तेव्हां त्यांत हंसूं दडलेलें असे. आपणही ‘काय तें कौतुक!’ म्हणतों, आणि सूर ऐकून समोरचा काय तें समजतो.

मुलांच्या बाबतींत ही गोष्ट अधिक जपावी लागते. मुलानें चित्र काढून आणलें कीं ‘छान!’ म्हणून आपण कौतुक करून मोकळे होतों. पण त्या चित्रांतलें घर वांकडें असून धूर मात्र वाऱ्याच्या दिशेनें बरोबर वळला आहे, हें ज्याच्या दृष्टीस पडलें, त्याला कौतुक वाटलें. आणि त्यानें तें सांगितलें, तर मुलाला षष्ठीसह पुरें वाक्य मिळालें. आपण कशामुळें भावलों हें त्याला कळलें. पुढच्या चित्रासाठीं याहून मोठी शिदोरी त्याला दुसरी कोणती देणार?

व्याकरणाचीं तीन लहानशीं कलमें आज आपण पाहिलीं. नवल माणसाला घडतें, म्हणून माणूस चतुर्थींत; नवलाला कारण असतें, म्हणून ती षष्ठी; आणि कारण कळलें कीं ‘नवल आहे’चें ‘तरच नवल’ होतें. या तिन्हींतून गेल्यावर जें उरतें, पतंजलीच्या न पडणाऱ्या नक्षत्रांविषयीं उरतें, तेंच खरें कौतुक. तें करण्यापूर्वीं वाटलेलें असावें, एवढीच आपल्या भाषेची अट आहे.